ग्राफिक डिझायनरने ऑनलाईन प्रेरणा कुठे शोधावी, आणि चुका दाखवणारी माणसं कुठे भेटतात?

तुम्ही लिहिलंय की लातूरला एका प्रेसमध्ये दोन वर्षं डीटीपी (संगणकावर पानं जुळवायचं काम) करताय, कोरल आणि इलस्ट्रेटर ही दोन्ही सॉफ्टवेअर येतात. रोज रात्री बिहान्स, ड्रिबल आणि पिंटरेस्ट या चित्रं-डिझाईन दाखवणाऱ्या साईट बघता, पण बघून झालं की उलट सुचायचं बंद होतं, आणि जे काढता ते कुठेतरी पाहिल्यासारखंच वाटतं. म्हणून विचारलंय की आणखी कुठे बघावं, आणि डिझायनर लोक ऑनलाईन भेटतात कुठे.

मी सांगलीत अठरा वर्षं हेच काम करतेय. लग्नपत्रिका, स्मरणिका, दुकानांच्या पाट्या आणि आता गेली काही वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं. तुमच्या दोन प्रश्नांपैकी मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. पण सुरुवात पहिल्यापासूनच करते, कारण तुमची अडचण तिथे सुरू झालेली दिसते.

तुम्ही जिथे बघता त्या जागा कशा घडल्या ते आधी समजून घ्या. ड्रिबल 2009 मध्ये अमेरिकेत सुरू झालं. सुरुवातीला तिथे 400 बाय 300 पिक्सेलचा तुकडाच टाकता यायचा, आणि तो टाकायलाही आधीच्या सभासदाचं निमंत्रण लागायचं. एवढ्याशा चौकटीत नजर खेचायची तर रंग भडक हवा, आकार सोपा हवा, मजकूर जवळपास नकोच. पुढे मर्यादा सैल झाल्या, पण तशा कामाची सवय राहिली. तिथे दिसतो तो कामाचा देखणा तुकडा. सत्तरीतल्या आजीला चष्म्याशिवाय मुहूर्ताची वेळ वाचता यावी ही अट त्या तुकड्याला कधी नव्हती, तुमच्या पत्रिकेला आहे. पिंटरेस्टचं तर कामच असं की एक चित्र आवडलं म्हटलं की त्याच्यासारखी शंभर पुढे करायची. महिनाभर तेच बघितल्यावर हाताला तेच वळण लागणार. तुमचं काम पाहिल्यासारखं वाटतं ते यामुळे. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे.

बिहान्स थोडं निराळं आहे. 2005 पासूनचं, 2012 च्या शेवटी इलस्ट्रेटर बनवणाऱ्या अडोबी कंपनीने घेतलं. तिथे लोक अख्खं काम मांडतात, आणि बरेच जण पेन्सिलची कच्ची चित्रं, नाकारलेले पर्यायही दाखवतात. शेवटचं चमकदार चित्र सोडून द्या आणि हे नाकारलेले पर्याय बघा. कुणी काय टाकून दिलं आणि का, हे कळलं तर त्यातून तुम्हाला शिकता येतं. पिंटरेस्टवर काही फारच आवडलं तर ते गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाकून मूळ कुणाचं ते शोधा, आणि त्या माणसाची जुनी कामं बघा. एकाच माणसाची दहा वर्षांची कामं ओळीने बघितली की त्याचा विचार कसा बदलत गेला ते दिसतं. शंभर माणसांचं एकेक काम बघून ते दिसत नाही.

आता खरी गोष्ट. तुमचं नव्वद टक्के काम देवनागरीत आहे आणि तुम्ही बघताय ते जवळजवळ सगळं रोमन. याची किंमत मी मोजलेली आहे. कामाला लागून दुसऱ्याच वर्षी एका शिक्षणसंस्थेची स्मरणिका केली होती. तेव्हा परदेशी कामांमध्ये मोठी इंग्रजी अक्षरं लांब लांब सोडून शीर्षक करायची पद्धत मला फार आवडायची. मी मराठी शीर्षकाला तसंच केलं, अक्षरांतलं अंतर वाढवलं. हजार प्रती छापून आल्या. प्रेसमध्ये एक वयस्कर कंपोझिटर होते, आयुष्यभर खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवलेले. त्यांनी पान हातात घेतलं आणि म्हणाले, "पोरी, अक्षरांची डोकी तुटली की गं." शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली होती. स्क्रीनवर मला ते स्टाईल वाटलं होतं. कागदावर ते मोडकं दिसत होतं, आणि वाचताना शब्द एकसंध राहत नव्हता.

त्या दिवशी त्यांनी मला जुन्या टाईपच्या केसा, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, उघडून दाखवल्या. रोमन अक्षर एका खणात मावतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचं शेपूट. म्हणून इंग्रजीला पुरतं तेवढं ओळींमधलं अंतर मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीतला 'कृ' आणि खालच्या ओळीतला 'र्की' एकमेकांत घुसतात. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांनी जो रुबाब येतो तो आपल्याला वजनाने, आकाराने किंवा मोकळ्या जागेने आणावा लागतो, कारण आपल्याकडे कॅपिटल नाहीतच. हे कुठल्याच इंग्रजी प्रेरणेच्या साईटवर कुणी सांगणार नाही. त्यांना तो प्रश्नच पडलेला नाही.

म्हणून माझं सांगणं, सहा महिने फक्त देवनागरी बघा. सुरुवात 'एक टाईप'पासून करा. मुंबईतल्या अक्षरकारांचा हा गट आहे. त्यांचे 'मुक्त', 'बलू', 'मोदक' हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. नुसते वापरू नका, दोनशे पॉईंटला मोठे करून बघा. 'मोदक' इतका जाड आहे की अक्षरांच्या पोटातली पोकळी केसाएवढी रेघ होऊन उरते, तरी अक्षर वाचता येतं. ते का वाचता येतं हे शोधण्यात एक संध्याकाळ घालवा. 'मुक्त'मध्ये शेजारी रोमन शब्द टाकून बघा, दोन्ही लिप्यांचं वजन कसं जुळवलंय ते. मग 'टिरो देवनागरी मराठी' उघडा. त्यात आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आहे, शाळेत शिकलो तो. राज्य शासनाच्या 2022 च्या निर्णयातही याच रूपांचा आग्रह आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये ही रूपं आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' निवडली तरच बाहेर येतात. तुम्ही इलस्ट्रेटर वापरता, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोझर निवडलाय का ते आजच तपासा. नसेल तर पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते, जोडाक्षरं सुटतात, आणि मग सुंदर डिझाईनसुद्धा अशुद्ध छापलं जातं.

फुकट शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीने उभं केलेलं डीसोर्स हे संकेतस्थळ बघा. आयडीसी म्हणजे 1969 पासून डिझाईन शिकवणारी संस्था. सुलेखन, अक्षररचना, हस्तकला असं पुष्कळ साहित्य तिथे कुणालाही खुलं आहे. जगभरची जुनी छपाई बघायची तर सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरफॉर्म आर्काइव्हचा ऑनलाईन संग्रह आहे. फॉन्ट्स इन यूज या साईटवर प्रत्यक्ष पुस्तकावर, पाटीवर, डब्यावर कुठला फॉन्ट वापरला ते नोंदवलेलं असतं. या दोन्ही ठिकाणी देवनागरी कमी सापडेल, पण कागदावरचं खरं काम कसं बघायचं ते कळेल.

कुणाची कामं बघावीत म्हणाल तर चार नावं सांगते. र. कृ. जोशी. विंडोजवर इतकी वर्षं रोज दिसणारा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. जाहिरात क्षेत्रात काम केलेला, बोरू हातात धरणारा माणूस संगणकाच्या अक्षरांपर्यंत गेला. 2008 मध्ये ते वारले. कमल शेडगे. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी नाटकांची नावं हाताने अशी काढली की नाव बघताच नाटकाचा स्वभाव कळावा, आणि तेही काळ्या-पांढऱ्यात, छोट्याशा जागेत. 2020 मध्ये ते गेले. दीनानाथ दलाल यांची मुखपृष्ठं आणि त्यांच्या 'दीपावली'चे अंक. अच्युत पालव, ज्यांना 2025 ची पद्मश्री मिळाली, त्यांचं मोडीवरून आलेलं सुलेखन. यांची कामं फोनवर बघाच, पण दलालांचे अंक तुमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांच्या कपाटात मिळाले तर ते हातात घेऊन बघा. शाई कागदात किती मुरली, दोन रंगांवर काम कसं निभावलं, हे स्क्रीनवर अजिबात कळत नाही.

आणि लातूरला राहून तुम्ही गंजगोलाईचा उल्लेखही केला नाहीत, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. सोळा रस्ते येऊन मिळतात अशी बाजारपेठ तुमच्या दारात आहे. एका रविवारी सकाळी, दुकानं बंद असताना, एकेक रस्ता धरून हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढा. कापड दुकानाचा 'क' आणि भुसार दुकानाचा 'क' शेजारी ठेवा. पेंटरने जागा संपत आल्यावर शेवटचा काना कसा बारीक केला, सावली कुठल्या बाजूला टाकली, ते बघा. फ्लेक्स आल्यापासून या पाट्या झपाट्याने जाताहेत, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नका. दिल्लीचे हनीफ कुरेशी यांनी हँडपेंटेड टाईप नावाने पेंटरांची अक्षरंच फॉन्टमध्ये जतन करायला घेतली होती, आणि पूजा सक्सेना यांचं इंडिया स्ट्रीट लेटरिंग हे देशभरच्या पाट्यांचं संकलन इन्स्टाग्रामवर आहे. त्यात महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावांना भर घालायला अजून भरपूर जागा आहे.

पत्रिकेबद्दल एक सवय सांगते, मला तिचा फार उपयोग झाला. पत्रिका करताना पत्रिका बघायच्या नाहीत. मुंडावळ्या बघा, त्यातल्या मण्यांची लय बघा. रुखवतातल्या वस्तू, पाटाभोवतीची रांगोळी, शालूचा काठ. या गोष्टींमधून आलेला आकार तुमचा असतो, तो दुसऱ्या कुणाच्या पिंटरेस्ट बोर्डवर सापडत नाही.

आता माणसं. रेडिटवर ग्राफिक डिझाईनचा मोठा कट्टा आहे, तिथे अनोळखी लोक खरंच वेळ काढून उत्तर देतात. मांडणी, रंग, मोकळी जागा यांबद्दल मला तिथे चांगलं ऐकायला मिळालं. पण एका मुखपृष्ठावर माझा रफार चुकीच्या अक्षरावर गेला होता आणि तिथल्या कुणाला ते दिसलं नाही, दिसणार तरी कसं. मराठी फेसबुक गटांमध्ये उलटा त्रास. तिथे दिसतं सगळ्यांना, पण उत्तर येतं "खूप छान" किंवा नुसता अंगठा. कौतुकाने बरं वाटतं, पण पुढच्या कामाला त्याचा काही उपयोग होत नाही.

माझं काम सुधारलं ते सहा जणांच्या व्हॉट्सअप गटामुळे. त्यात एक मिरजेचे बोर्ड पेंटर, एक प्रेसवाले, एक चित्रकला शिक्षक, दोन मुली नुकत्या उपयोजित कला शिकून बाहेर पडलेल्या, आणि मी. सगळे कुठल्या ना कुठल्या पोस्टखाली भेटले. कुणीतरी नेमकं काहीतरी लिहिलं होतं, "उकार खालच्या रेघेला टेकतोय" असं, म्हणून मी त्यांना वेगळा मेसेज केला. माणसं अशीच सापडतात. ज्याच्या प्रतिक्रियेत अक्षराचा, जागेचा, कागदाचा उल्लेख आहे त्याला लिहा. दहांतले सात उत्तर देणार नाहीत, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

गटात आम्ही एक नियम ठेवलाय. काम टाकताना ते कुणासाठी, किती मोठं छापणार आणि शंका काय, हे लिहायचंच, आणि "छान" हा शब्द एकटा वापरायचा नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं. पेंटरकाका सरळ लिहायचे, "लांबून वाचता येत नाही." मग मी प्रिंट काढून भिंतीला लावायची, दारापर्यंत मागे जायची, आणि त्यांचं म्हणणं पटायचं.

बार्सिलोनात सुरू झालेला 36 डेज ऑफ टाईप नावाचा उपक्रम तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिला असेल. रोज एक, अशी 26 रोमन अक्षरं आणि 10 अंक. आम्ही एका पावसाळ्यात तेच 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत केलं. 'ळ' ला मला तीन दिवस लागले. दोन गोल एकमेकांना तोलून धरतात आणि तरी अक्षर डुलत नाही, हे हाताने काढल्याशिवाय कळलं नसतं. तुम्ही दोघेतिघे मिळून हे करू शकता, त्याला साईट लागत नाही, सुलेखनाचं कटनिब पेन आणि वही पुरते.

तुमच्या प्रश्नात शेवटी आहे की पुढच्या आठवड्यात एका नातेवाइकाची पत्रिका छापायला जायची आहे आणि ती तुम्हाला आवडलेली नाही. ती इथेच खाली टाका, नावं, पत्ते आणि फोन नंबर झाकून. कागद किती मोठा, ऑफसेट की स्क्रीन प्रिंटिंग, आणि तुम्हाला स्वतःला कुठली जागा खुपतेय, एवढं सोबत लिहा. रविवारी दुपारी मी प्रिंट काढून बघते आणि काय दिसलं ते लिहिते. पेंटरकाकांनाही दाखवेन.