वाचकांचे प्रश्न : एकाच डबल बासवर बोटे आणि गज

प्रश्न : माझा डबल बास (व्हायोलिनच्या कुळातले सर्वांत मोठे वाद्य) 3/4 मापाचा, प्लायवूडचा आहे. जॅझ ट्रिओत तो बोटांनी वाजवतो, चेंबर ऑर्केस्ट्रात गजाने. तारा थोमास्टिक कंपनीच्या स्पिरोकोर, मध्यम ताणाच्या. बोटांनी सूर छान टिकतो; पण गज लावला की ‘जी’ (सर्वांत बारीक) तार शिट्टी मारते आणि ‘ई’ (सर्वांत जाड) तार आधी खरखरते, मग बोलते. दोन्हींना चालेल असा तारांचा संच कोणता?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही कामे सारख्याच उत्तम रीतीने करणारा संच आजवर कोणी बनवलेला नाही, कारण दोन्हींच्या गरजा उलट आहेत. बोटाने तार छेडली की एकदाच ऊर्जा मिळते. ती तारेच्या गाभ्यात जितकी कमी जिरेल, तितका सूर लांबतो. स्पिरोकोरचा पिळाचा पोलादी गाभा ऊर्जा फारच कमी गिळतो, म्हणून जॅझवाले तिच्यावर फिदा असतात. गज चालवताना मात्र त्याचे केस तार पकडून नेतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. मोकळ्या जी तारेवर हे सेकंदाला 98 वेळा होते. गाभा काहीच जिरवत नसेल, तर नको असलेली वरची कंपने रेंगाळतात आणि पकड चुकवतात. तीच तुमची शिट्टी. ई तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा हलते. पहिली दहा आवर्तने पकड बसण्यात गेली, तर जवळजवळ पाव सेकंद खरखर ऐकू येते.

तारा विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. संच महाग असतो, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पहिली, घोडीचा (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी आधाराचा) माथा. फक्त बोटांनी वाजवायच्या बासवर तो बरेचदा फार सपाट कापलेला असतो. मधल्या ए आणि डी तारांवर थोडा जोर देऊन गज चालवा. शेजारची तार लागत असेल, तर घोडी वाद्य-कारागिराकडून नीट गोलाईत कापून घ्या. या दोषावर कुठलीही तार उपाय नाही.

दुसरी, तारांची उंची. ती फिंगरबोर्डच्या (तारा ज्यावर बोटांनी दाबतात त्या पट्टीच्या) टोकाशी मोजा : जी तारेखाली सुमारे 6 मिमी आणि ई खाली सुमारे 9 मिमी असेल, तर दोन्ही वादनांना चालते. फक्त बोटांनी वाजवणारे जी 4-5 मिमीपर्यंत खाली आणतात; मग गजाचा जोर वाढला की तार फिंगरबोर्डवर आपटते. पावसाळ्यात लाकूड फुगून उंची वाढते, म्हणून घोडीला उंची बदलायचे स्क्रू असणे फार सोयीचे.

तिसरी, रोझिन (गजाच्या केसांना लावायची राळ) आणि स्वच्छता. व्हायोलिनचे कडक रोझिन बासला पुरत नाही, बासचेच घ्या. पॉप्ससारखे मऊ रोझिन उत्तम धरते, पण मे महिन्यात वितळून पसरते. उन्हाळ्यात कार्लसनसारखे थोडे कडक वापरा आणि डबी नेहमी सरळ ठेवा. गज फिरतो त्या टापूला बोट लावू नका, तिथे घामाचा तेलकटपणा बसला की केस घसरतात. बोटांनी वाजवताना हात फिंगरबोर्डच्या टोकावर ठेवा, गज घोडी आणि ते टोक यांच्या मधोमध चालवा. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसा. साचलेल्या रोझिनला फडक्यावर थेंबभर अल्कोहोल चालते. मात्र वाद्यावर कापड पसरूनच, कारण अल्कोहोलने व्हार्निश उठते.

एवढे करूनही शिट्टी राहिली, तर ई आणि ए सध्या तशाच ठेवा आणि फक्त डी व जी बदला. गजाने धून बहुधा वरच्या तारांवर वाजते आणि बासची चाल खालच्या तारांवर, म्हणून हा मिश्र संच तुमच्या कामाला बसतो. तिथे आमची पसंती थोमास्टिकच्याच बेलकान्तोला : गजाखाली पटकन बोलते, आणि बोटाने सूर स्पिरोकोरइतका लांबत नसला तरी गोल येतो. पूर्ण संचच हवा असेल, तर डिअ‍ॅडारिओची हेलिकोर हायब्रिड दोन्ही वादनांसाठीच काढलेली आहे. पिरास्ट्रोची एवा पिराझी कृत्रिम गाभ्याची आणि दमदार आहे. तुमच्या बासवर जड वाटली तर तिचा कमी ताणाचा प्रकार पाहा. ऑब्लिगॅटो आतड्याच्या तारेच्या जवळ जाणारी, उबदार. पण ट्रिओत ड्रम्सच्या शेजारी तिची ई तार पुसट पडू शकते. ओरिजिनल फ्लेक्सोकोर गजासाठी सुरेख, बोटांनी सूर आखूड.

कृत्रिम गाभ्याच्या तारा जाड असतात. नटच्या (फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत त्या अडकल्या तर खाच रुंद करावी लागते, आणि पुढे पुन्हा बारीक पोलादी तार लावली की ती त्याच खाचेत खुळखुळते. म्हणून खाच कापण्याआधी निर्णय पक्का करा.

प्रश्न : तारा बदलताना चारही सैल केल्या आणि आतला साउंडपोस्ट (वरच्या आणि मागच्या फळीमध्ये उभा असलेला लाकडी दांडा) पडला. आता काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तो चिकटवलेला नसतो, दाबावरच उभा राहतो. तो पडलेला असताना तारा अजिबात ताणू नका. चार तारांचा ताण मिळून 100 किलोच्या वर जातो आणि वरची फळी खचू शकते. कारागिराकडून बसवून घ्या.

यापुढे एका वेळी एकच तार काढा. नट आणि घोडीच्या खाचांत मऊ पेन्सिलचे शिसे घासा, टेलपीसखाली (तारांची खालची टोके अडकवायच्या तुकड्याखाली) जाड फडके ठेवा. तार लावताना तिला पीळ पडू देऊ नका. सूर चढवताना घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे ओढला जातो. प्रत्येक तारेनंतर बाजूने पाहा : टेलपीसकडची बाजू फळीशी काटकोनात हवी. झुकली असेल तर तारा किंचित सैल करून दोन्ही हातांनी मागे घ्या. पोलादी तार दोन-तीन दिवसांत स्थिरावते. कृत्रिम गाभ्याची आठवडा-दोन आठवडे उतरत राहते, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती बदलू नका.

प्रश्न : ‘सोलो’ लिहिलेला संच स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : तो एक पूर्ण स्वर वर, म्हणजे एफ शार्प-बी-ई-ए असा लावण्यासाठी असतो. नेहमीच्या सुरात उतरवला की ताण बराच कमी होतो. हलक्या हाताने बोटांनी वाजवणाऱ्यांना ते आवडते, पण गजाचा जोर आला की ई तार लोळते आणि सूर हलतो. दोन्हींसाठी नको. घेण्याआधी मापही पाहा : 3/4 बासवर नटपासून घोडीपर्यंत साधारण 104 ते 106 सेंमी अंतर असते. तारेच्या टेलपीसकडच्या टोकावरचा रंगीत रेशमी गुंडाळा घोडीच्या पलीकडेच राहायला हवा. तो घोडीवर आला तर तार मुकी वाजते.