पहिली लाल ओळ

वाचकांचे प्रश्न : वेबपेज आणि जावास्क्रिप्ट लायब्ररी (जावास्क्रिप्ट ही वेबपेजला कामं करायला लावणारी भाषा, लायब्ररी म्हणजे तिच्यातला आयता लिहिलेला कोड)

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात साडेचार हजार पुस्तकं आहेत. त्यांची यादी मी वेबपेजवर घातली आणि शोधण्यासाठी डेटाटेबल्स ही लायब्ररी जोडली. घरच्या कॉम्प्युटरवर शोधायची चौकट, खालचे पानांचे आकडे, सगळं दिसत होतं. होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवण्यासाठी घेतलेल्या सर्व्हरवर, चढवल्यावर नुसती लांबलचक यादी उरली. कन्सोलमध्ये (एफ-१२ दाबल्यावर उघडणाऱ्या, चुका दाखवणाऱ्या खिडकीत) ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’ असं येतं. हा डॉलर कुठे डिफाइन करायचा? स्क्रीनचा फोटो काढून पाठवत आहे.
— ग्रंथपाल, वाई तालुका

उत्तर : काका, फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. कन्सोलमध्ये तीन लाल ओळी आहेत आणि तुम्ही विचारलीत ती सगळ्यांत खालची. बहुतेक जण हेच करतात, कारण नजर शेवटच्या ओळीवर थांबते. लाल ओळी नेहमी वरून वाचायच्या. पहिली ओळ बिघाड सांगते, खालच्या बहुतेक वेळा त्याच बिघाडातून निघालेल्या असतात.

तुमची पहिली ओळ सांगते की जेक्वेरी या दुसऱ्या लायब्ररीची फाइल मागितली आणि सर्व्हरने ४०४ म्हटलं, म्हणजे त्या पत्त्यावर तशी फाइलच नाही. दुसरी ओळ डेटाटेबल्सच्या फाइलमधून आली आहे. ती जेक्वेरीच्या आधारावर चालते आणि तिला जेक्वेरी सापडली नाही. तिसरी तुमच्या स्वतःच्या कोडमधली. डॉलर हे जेक्वेरीचंच छोटं नाव आहे, ते तुम्ही डिफाइन करायचं नसतं. जेक्वेरी आली की डॉलर आपोआप येतो.

आता फाइल का सापडली नाही? फोटोच्या कडेला होस्टिंगचा फाइल मॅनेजर अर्धा उघडा दिसतो आहे. तिथे फोल्डरचं नाव कॅपिटल अक्षरांत आहे आणि लाल ओळीतल्या पत्त्यात तेच नाव स्मॉल अक्षरांत. तुमच्या घरच्या विंडोजला हा फरक चालतो. होस्टिंगचे सर्व्हर बहुधा लिनक्सवर असतात आणि लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी फोल्डर आहेत. फोल्डरचं नाव स्मॉल करा, तिन्ही ओळी एकदम जातील. यापुढे फाइल आणि फोल्डरची सगळीच नावं स्मॉल अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा.

हे करताना स्क्रिप्ट टॅगचा, म्हणजे पानाला जावास्क्रिप्टच्या फाइली जोडणाऱ्या ओळींचा, क्रमही तपासा. आधी जेक्वेरी, मग डेटाटेबल्स, मग तुमचा कोड. कुणाचं ऐकून ‘एसिंक’ हा शब्द टॅगमध्ये घातला असेल तर काढा. एसिंक असलेली फाइल पोहोचेल तेव्हा लगेच चालते, रांग पाळत नाही. म्हणून पान दहापैकी सात वेळा चालतं, तीन वेळा रुसतं आणि माणूस कारण शोधत बसतो. पान लवकर दिसावं असं वाटत असेल तर ‘डिफर’ वापरा. डिफरच्या फाइली पान पूर्ण वाचून झाल्यावर आणि लिहिलेल्या क्रमानेच चालतात. मात्र पानातच थेट लिहिलेल्या साध्या कोडला डिफर लागू होत नाही. तो आधीच चालून जातो आणि पुन्हा ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’. तिन्ही टॅगना डिफर लावायचं तर तुमचा कोडही वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

एक गोष्ट सगळ्याच वाचकांसाठी सांगते. एफ-१२ दाबल्यावर कन्सोलच्या शेजारी नेटवर्क नावाचा भाग असतो. तो उघडा ठेवून पान पुन्हा लोड करा, प्रत्येक फाइलसमोर आकडा दिसेल. २०० म्हणजे मिळाली. तरीही ‘अनएक्सपेक्टेड टोकन’ म्हणून कोनदार कंसाची तक्रार आली, तर त्या फाइलवर क्लिक करून आत काय आलंय ते बघा. काही होस्टिंग फाइल नसली तरी २०० म्हणतात आणि जावास्क्रिप्टऐवजी ‘पान सापडले नाही’ असं एचटीएमएल पाठवतात. ब्राउझर ते जावास्क्रिप्ट समजून वाचायला जातो आणि पहिल्याच कंसाला अडतो.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. लीफलेट ही नकाशांची लायब्ररी वापरून किल्ल्यांचा नकाशा करतोय. नकाशा येतो, पण एकही किल्ला दिसत नाही. कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नाही. किल्ल्यांची माहिती जिओजेसन (ठिकाणांची माहिती लिहिण्याची ठरलेली पद्धत) फाइलमध्ये आहे, त्यातले आकडे घेऊन मी मार्कर, म्हणजे नकाशावरची खूण, लावतो. शिवाय दुसऱ्या टॅबमधला नकाशा एका कोपऱ्यातच भरतो, बाकी राखाडी राहतो.
— विद्यार्थी, जुन्नर

उत्तर : तुझे किल्ले हरवलेले नाहीत. नकाशा अगदी लहान कर, सगळं जग दिसेपर्यंत, आणि नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात बघ. बेअर आयलंड नावाचं एक बेट आहे तिथे, त्याच्या आसपास तुझा सगळा सह्याद्री गोळा झालेला सापडेल.

कारण असं. रायगड साधारण १८.२३ उत्तर अक्षांश आणि ७३.४४ पूर्व रेखांशावर आहे. लीफलेटच्या मार्करला आधी अक्षांश लागतो, मग रेखांश, आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो तसं. जिओजेसनमध्ये मात्र आधी रेखांश असतो आणि हा क्रम त्याच्या प्रमाणकातच ठरलेला आहे. तू फाइलमधली जोडी उचलून जशीच्या तशी मार्करला दिलीस, म्हणून लीफलेटने ७३.४४ हा अक्षांश धरला. शिवनेरी, सिंहगड, प्रतापगड सगळे त्र्याहत्तर अंशांच्या पट्ट्यातले, म्हणून ते तिथेही एकमेकांच्या शेजारी आहेत. देवगिरी जरा आणखी उत्तरेला दिसेल. दोन्ही आकडे वैध असल्यामुळे ब्राउझरला तक्रार करण्यासारखं काही वाटलंच नाही. लाल ओळ नसली म्हणजे सगळं बरोबर आहे असं नाही, कोडला दिलेली माहिती चुकलेली असू शकते. अशा वेळी मार्कर लावण्याच्या अगदी आधीच्या ओळीत कन्सोल-लॉग घालून दोन्ही आकडे छापून बघायचे आणि मनाला विचारायचं, यातला अठरा कुठे हवा?

यावर दोन उपाय आहेत. जोडी उलटी करून दे, किंवा त्याहून बरं म्हणजे लीफलेटचं स्वतःचं जिओजेसनचं फंक्शन वापर. पूर्ण फाइल त्याला दिली की अदलाबदल तेच करतं. हे दोन्ही एकदम मात्र करू नकोस, नाहीतर किल्ले पुन्हा समुद्रात.

राखाडी नकाशाचं कारण निराळं आहे. दुसरा टॅब बंद असताना त्यातल्या चौकटीची रुंदी आणि उंची शून्य असते. लीफलेट नकाशा उभा करताना ती मोजून ठेवतं आणि टॅब उघडल्यावर पुन्हा आपणहून मोजत नाही. टॅब दिसू लागला की ‘इनव्हॅलिडेट साइझ’ हे फंक्शन बोलव, बस. आणि नकाशाचे तुकडे कधी पानभर विखुरलेले दिसले तर लीफलेटची सीएसएस, म्हणजे मांडणीची, फाइल आलेली नाही असं समज.

तुझ्या यादीत प्रत्येक किल्ल्याबरोबर पाण्याच्या टाक्यांची नोंद आहे हे मला फार आवडलं. ती काढू नकोस.

प्रश्न : गावच्या दूध संस्थेचा हिशेब मी ठेवते. रोजच्या लिटरचा आलेख चार्ट-जेएसने काढला. आडवी-उभी रेघ येते, तारखा येतात, पण एकही खांब उभा राहत नाही. लायब्ररी बदलून पाहिली, तेच.
— पन्हाळा तालुका

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फाइलमध्ये लिटर ‘४१२’, ‘३९८’, ‘१,०४५’ असे देवनागरी आकड्यांत आहेत. आपल्याला ते आकडे वाटतात, जावास्क्रिप्टला ती नुसती अक्षरं. कन्सोलमध्ये नंबर या फंक्शनला ‘४१२’ देऊन बघा, ‘नॉट अ नंबर’ असं उत्तर येईल. ज्याची संख्या होत नाही त्याचा खांब चार्ट-जेएस काढत नाही आणि त्याबद्दल बोलतही नाही. कुठलीही लायब्ररी घेतली तरी हेच होणार.

पुष्कळ जण इथे सांगतील, आकडे इंग्रजीत टाइप करा. मी ते सांगणार नाही. दूध घालायला येणाऱ्या बायका त्या कागदावरचे मराठी आकडे वाचतात, आपली रक्कम बोटावर ताडून बघतात. तो त्यांचा हक्क आहे. बदलायचं ते कोडमध्ये बदलायचं.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ अंक ओळीने त्यामागे येतात. म्हणून मजकुरातला प्रत्येक देवनागरी अंक शोधायचा, त्याच्या क्रमांकातून २४०६ वजा करायचे आणि आलेली संख्या त्याच्या जागी ठेवायची. एका ओळीच्या रिप्लेसमध्ये हे होतं. त्याआधी स्वल्पविराम काढून टाका, नाहीतर एक हजार पंचेचाळीसचा दिवस तेवढा गायब राहील. मगच नंबरला द्या.

दाखवताना उलटा प्रवास ब्राउझर स्वतः करतो. त्याच्या इंटल-नंबरफॉरमॅट या आकडे मांडणाऱ्या सोयीला मराठी-भारत ही भाषा सांगितली की एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न ‘१,२३,४५६’ असं येतं, स्वल्पविरामसुद्धा आपल्या पद्धतीने. चार्ट-जेएसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘लोकॅल’ नावाचा पर्याय आहे. तिथे हीच भाषा दिली की उभ्या रेघेवरचे आकडेही मराठीत येतात. हिशेब यंत्राच्या आकड्यांत आणि वाचन आपल्या आकड्यांत, असं दोन्ही सांभाळता येतं.

प्रश्न : आमच्या घरगुती लॉजच्या साइटवर फोटोंची सरकती पट्टी होती. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवण्याची तयार प्रणाली) आहे, थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा संच, २०१२ सालची. वर्डप्रेस अपडेट केल्यापासून पट्टी थांबली. ‘लाइव्ह इज नॉट अ फंक्शन’ असं दिसतं. भाच्याने तळाशी नवी जेक्वेरी जोडली, तर आता बुकिंगच्या तारखाही उघडत नाहीत.
— गुहागर

उत्तर : आधी भाच्याने जोडलेली जेक्वेरी काढा. त्याचा हेतू चांगला होता, पण पानावर दुसरी जेक्वेरी आली की ती पहिलीची जागा घेते आणि पहिलीला जोडलेले प्लगइन, म्हणजे जास्तीच्या सोयी देणारे कोड, तिला माहीत नसतात. तुमचं तारखांचं कॅलेंडर त्यातच गेलं. मी स्वतः एका पतसंस्थेच्या हप्त्याच्या कॅल्क्युलेटरसाठी याच चुकीपायी रात्र घालवली आहे. प्लगइनची फाइल नेटवर्कमध्ये २०० दाखवत होती, तरी ‘इज नॉट अ फंक्शन’. तेव्हापासून असं काही दिसलं की मी पानाचा सोर्स उघडून जेक्वेरी हा शब्द किती वेळा येतो ते आधी मोजते.

आता मूळ दुखणं. ‘लाइव्ह’ हे फंक्शन जेक्वेरीच्या १.९ या आवृत्तीत, म्हणजे २०१३ साली, काढून टाकलं गेलं. तरी तुमची पट्टी चालत राहिली, कारण वर्डप्रेस सोबत जेक्वेरी मायग्रेट नावाची फाइल देत असे आणि ती जुन्या फंक्शनांना सांभाळून घेई. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीत वर्डप्रेसने ती जुनी फाइल देणं बंद केलं. तेव्हा पुष्कळ जुन्या थीम अशाच बसल्या.

थीमच्या कोडमध्ये ‘लाइव्ह’ शोधून तिथे ‘ऑन’ वापरायचं. नाव बदलून भागत नाही. ‘ऑन’ पानावर आधीपासून असलेल्या बाहेरच्या डब्याला लावायचं आणि आतल्या बटणाचं नाव दुसऱ्या जागी द्यायचं, म्हणजे नंतर आलेल्या फोटोंची बटणंही चालतात. हा बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या तुमच्या वेगळ्या प्रतीत, करा, नाहीतर पुढच्या अपडेटला पुसला जाईल. वर्डप्रेसमध्ये नुसता डॉलरही चालत नाही, कारण दुसऱ्या लायब्ररींशी भांडण नको म्हणून तिथे जेक्वेरी ते नाव सोडून देते. डॉलरच्या जागी जेक्वेरी असं पूर्ण नाव लिहा. बदल करून झाल्यावर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून बघा, नाहीतर ब्राउझर साठवलेली जुनीच फाइल दाखवत राहील.

प्रश्न : लायब्ररी सीडीएनवरून, म्हणजे फाइली पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरून, घ्यावी की आपल्या सर्व्हरवर ठेवावी?
— एका सामाजिक संस्थेची कार्यकर्ती, पेडणे

उत्तर : तुमच्यासारख्या छोट्या साइटसाठी, आपल्या सर्व्हरवर. तुमच्या पानावर पीडित स्त्रियांसाठी मदतीचा फॉर्म आहे. बाहेरून आलेली स्क्रिप्ट त्या फॉर्ममध्ये लिहिलेलं प्रत्येक अक्षर वाचू शकते. पॉलिफिल डॉट आयओ हा जुन्या ब्राउझरना नव्या सोयी देणारा कोड पुरवणारा पत्ता वर्षानुवर्षं विश्वासाने वापरला जात होता. २०२४ मध्ये त्याची मालकी बदलली आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिथून घातक कोड जाऊ लागला. ज्या साइटनी एकदा टॅग चिकटवला होता त्यांनी काहीही न करता त्यांच्या वाचकांपर्यंत तो पोहोचला.

सीडीएन घ्यावीच लागली तर ‘लेटेस्ट’ लिहू नका, आवृत्तीचा पूर्ण आकडा लिहा आणि टॅगमध्ये इंटिग्रिटीची खूण ठेवा. फाइल एका अक्षराने जरी बदलली तरी ब्राउझर ती चालवणार नाही. फॉर्मच्या पानावर मात्र तेही नको. तिथे तुम्हाला फक्त एक तारीख निवडायची आहे आणि ब्राउझरची स्वतःची तारखेची चौकट त्यासाठी पुरते. त्या पानावरच्या चारही लायब्ररी काढून टाका.