शेवाळ वाळलं म्हणून ठेव मोडायची का?

प्रश्न बडोद्यातल्या कारेलीबागेतून आला आहे. घरी खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक, खालच्या संपासकट (टँकखालची फिल्टर-पंपाची टाकी) एकूण ३०० लिटर पाणी. मे महिन्यात कुटुंब आठ दिवस बाहेरगावी गेलं. परत येऊन पाहिलं तर संपातला पंप कोरडा, शेवाळाच्या फिल्टरची (दिव्याखाली शेवाळ वाढवून पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शोषणारा) जाळी वाळून पापडासारखी कडक, आणि तिचा लाल एलईडी चालूच. मासे शाबूत, सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा, घनतेवरून मोजलेला) १.०२८. दुकानदाराचा सल्ला: शेवाळाचं खूळ सोडा, स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि मीडिया रिअ‍ॅक्टर (फॉस्फेट शोषणारे दाणे भरलेलं नळकांडं) घ्या, ६८,००० रुपये. वाचक विचारतात, २ लाखांची ठेव मोडू, की कार्डावर नऊ महिन्यांचे ‘नो कॉस्ट’ हप्ते घेऊ?

नमस्कार. दोन्ही नको. कारण तुमच्याच पत्रात आहे: दिवा चालू होता, म्हणजे वीज गेली नव्हती. संपातलं पंपाचं चेंबर १५ लिटरचं आहे आणि उन्हाळ्यात रोज ४ लिटर पाण्याची वाफ होते, असं तुम्हीच लिहिलं आहे. संपाच्या रचनेत वाफेची सगळी तूट याच चेंबरमध्ये दिसते. चौथ्या दिवशी पंप हवा ओढू लागला, जाळीवरचं पाणी थांबलं आणि दिव्याच्या उष्णतेने उरलंसुरलं शेवाळ भाजून निघालं. त्या जागी ६८,०००चा स्किमर असता तरी संपातलं पाणी खाली गेल्यावर तोही फेस करायचा थांबलाच असता. बिघाड पाण्याच्या पातळीत आहे आणि दुकानदार विकतोय फिल्टर.

आता पैशांचं. तुमचा महिन्याचा खर्च ४५,०००, म्हणजे सहा महिन्यांची गंगाजळी २ लाख ७० हजारांची हवी. तुमच्याकडे ती एक ठेवच आहे, तीही अपुरी. ७.२५ टक्क्यांच्या दोन वर्षांच्या ठेवीचे १५ महिने झालेत. मध्येच मोडली तर बँक ठरलेला दर देत नाही; जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून दंड कापते. तो दर ६.९ आणि दंड १ टक्का धरला तर हातात ५.९ टक्के पडतात, म्हणजे मागच्या सव्वा वर्षाचंच सुमारे ३,३७५ रुपयांचं व्याज गेलं. ‘नो कॉस्ट’चा खर्च वेगळ्या खिशातून निघतो: रोखीवरची सूट बुडते, प्रोसेसिंग फी लागते आणि हप्त्यात दडलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक घेतेच. दुकानदार रोखीवर ५ टक्के सोडत असेल तर तिथेच ३,४०० गेले. कधी खरंच कर्ज काढायची वेळ आली तर ठेवीवरचं कर्ज या दोन्हींपेक्षा बरं. दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो आणि ठेव जागेवर राहते.

चालू खर्चही पाहा. स्किमर आणि रिअ‍ॅक्टर मिळून ३५ वॅट, चोवीस तास: वर्षाला जवळपास ३०७ युनिट, युनिटला ८ रुपये धरले तर २,४५० रुपये. शिवाय फॉस्फेट शोषणारी मीडिया दर सहा-आठ आठवड्यांनी बदलायची. शेवाळाच्या २० वॅटच्या दिव्याला रोज १४ तासांनी वर्षाला ८२० रुपये लागतात, आणि शेवाळ फुकट वाढतं.

फिल्टर लहान पडत होता का, हे तपासणं मला महत्त्वाचं वाटलं. रोज गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब घालत असाल तर दोन्ही बाजूंनी उजेड असलेली सुमारे ७५ चौरस सेंटिमीटर जाळी पुरते. तुम्ही दोन क्यूब घालता आणि जाळी १५ बाय १५ आहे. जागा भरपूर आहे.

तेव्हा दुरुस्ती करा. वाळलेला थर तसाच ठेवून पंप सुरू केलात तर मेलेलं शेवाळ पाण्यात कुजेल. अमोनिया, मग नायट्रेट आणि फॉस्फेट वाढेल, ऑक्सिजन घटेल. काही तास ओलसर राहिलेली जाळी पुन्हा जीव धरते, चार दिवस दिव्याखाली वाळलेली नाही. जाळी बाहेर काढून वर्तमानपत्रावर खरवडा (मुदत संपलेलं क्रेडिट कार्ड याला उत्तम, त्याचा मला माहीत असलेला हा एकमेव बिनव्याजी उपयोग). नळाखाली ब्रशने घासा, साबण अजिबात नको, शेवटी आरओच्या पाण्याने धुवा. जाळीच्या खडबडीत छिद्रांत हिरवट डाग राहिले तर राहू द्या. पाणी सोडणाऱ्या पाइपच्या चिरेत मिठाचे खडे बसलेले असतील. पाइप आणि पंप व्हिनेगर व पाणी समप्रमाणात मिसळून दोन तास भिजवा. कोरडा चाललेला पंप आधी बादलीत चालवून बघा: रोटर घासत असेल, खडखडत असेल किंवा पंप तापत असेल तर नवा घ्या.

सॅलिनिटी मीठ वाढल्याने नाही, पाणी उडाल्याने चढली आहे. नुसतं आरओचं पाणी, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच लिटर, दोन दिवसांत वीस लिटर भरा आणि १.०२५ ते १.०२६ वर थांबा. मग आठवड्याच्या अंतराने २० टक्के पाणी दोनदा बदला. प्रत्येक वेळी ६० लिटरला सुमारे २.२ किलो समुद्री मीठ लागेल. खाद्य महिनाभर अर्ध्यावर आणा. जाळीच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी ५० लिटर, म्हणजे तुमच्या जाळीवर ७५० लिटरचा प्रवाह हवा. दिवा पहिला आठवडा ९ तास, मग हळूहळू १४. सुरुवातीला तपकिरी चिकट बुरशीसारखं काहीतरी येईल. बहुतेक लोक इथेच घाबरून नवं यंत्र मागवतात. ते हलक्या धारेने धुवा, खरवडू नका. हिरवे तंतू दोन-तीन आठवड्यांत धरतात.

खर्च असा: सेन्सरने आपोआप पाणी भरणारं एटीओ आणि ५० लिटरचा कॅन ४,१००, नायट्रेट-फॉस्फेटच्या चाचण्या २,८००, मीठ १,७६०, व्हिनेगर १००, लागलाच तर पंप २,२००. एकूण ११,००० च्या आत, आणि तुमची महिन्याची बचत १२,००० आहे. सेन्सर अडकला तर रात्रीत सगळा कॅन टँकमध्ये रिकामा होतो, म्हणून पातळीचे दोन सेन्सर असलेलंच एटीओ घ्या आणि बाहेर जाण्याआधी आठवडाभर ते घरी चालवून पाहा. फिल्टरचा दिवाही अशा प्लगवर लावा जो पंप बंद झाल्यावर तुम्हाला मोबाइलवरून विझवता येईल.

सहा आठवड्यांनी दर चार दिवसांच्या चाचण्यांत नायट्रेट २० पीपीएमच्या वर आणि फॉस्फेट ०.१ च्या वर राहत असेल, तर नुसता स्किमर घ्यायचा विचार करा. रिअ‍ॅक्टर तेव्हाही नको, आणि स्किमरचे पैसेही ठेवीतून नाही, पुढच्या दोन महिन्यांच्या बचतीतून.