आईला पेसमेकर बसवायचाय, कोरोनात व्हायची तशी घरबसल्या तपासणी पुरते का?

बरीचशी होते, सगळी नाही. मी पुण्यातच पेसमेकर आणि आयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं यंत्र) यांच्या चेकिंगचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एप्रिल 2020 मध्ये पेठा सील झाल्या तेव्हा आमचे पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे, त्यांना नुसती बॅटरी बघायला हॉस्पिटलात बोलवायचं म्हणजे नको ते दुखणं अंगावर घ्यायला लावायचं. मग ज्यांच्याकडे मॉनिटर होता त्यांना फोन करून करून, तो पलंगाशेजारी लावा, प्लग काढू नका, असं सांगत बसलो (अर्ध्यांचा कपाटात पडलेला होता). तो रात्री झोपेत डिव्हाइसमधला डेटा घेतो आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो, नवीन मॉडेलमध्ये हेच काम ब्लूटूथने फोनमधलं ॲप करतं. बॅटरी, लीड (हृदयात जाणारी वायर) नीट आहे का, पेसिंग (यंत्राने दिलेले ठोके) किती टक्के, ठोके कधी बिघडले, सगळं दिसतं. खरा फायदा इथेच आहे, कारण एएफ (ठोके अनियमित पडण्याचा आजार) असलेल्या कितीतरी आज्या फोनवर 'मला कुठे काय होतंय' म्हणतात आणि रिपोर्टमध्ये तासन्‌तास अनियमित ठोके असतात, मग डॉक्टर रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा विचार करतात. टेलिमेडिसिनची सरकारी गाइडलाइन 25 मार्च 2020 लाच आलेली, त्यामुळे डॉक्टरांना फोनवर सल्लाही देता यायचा.

पण सेटिंग बदलायचं असेल तर सहसा समोर यावंच लागतं. बसवल्यावर पहिलं चेकिंग 2 ते 12 आठवड्यांत प्रत्यक्षच करा, जखमही बघायची असते. आणि एक गैरसमज फार आहे, की पलीकडे चोवीस तास कुणीतरी स्क्रीन बघत बसलंय. तसं नसतं हो, अलर्ट रात्री आला तरी माणूस तो कामाच्या वेळातच बघतो, म्हणून चक्कर आली, छातीत दुखलं की मॉनिटरवर विसंबू नका, 108 लावा. आयसीडीवाल्यांना एक शॉक बसला आणि बरं वाटतंय तर त्याच दिवशी क्लिनिकला कळवायचं, दोन बसले किंवा बरं वाटत नसेल तर थेट कॅज्युअल्टी.

ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या, या मॉडेलला रिमोट म्हणजे घरबसल्या तपासणीची सोय आहे का, मॉनिटरचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का आणि हॉस्पिटलात रिपोर्ट नक्की कोण बघणार, नाव विचारा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, स्वस्तातल्या कोटेशनमध्ये हेच गाळलेलं असू शकतं.

आणि आई मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवत असतील तर ती सवय आत्तापासूनच मोडा, डिव्हाइसपासून 15 सेंटीमीटर लांब हवा.