शब्दशंका : कानांनी घडवलेले इंग्रजी शब्द

प्रश्न : मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते, हे शिकवल्यावर सहावीतील एका मुलीने मुंगसासाठी असलेल्या 'मॉन्गूस' या शब्दाचे अनेकवचन 'मॉन्गीस' असे लिहिले. मी ते खोडून 'मॉन्गूसेस' केले, पण तिने कारण विचारले तेव्हा मला सांगता आले नाही. कारण काय असावे? आणि आपल्या आवडीचे असे आणखी काही गमतीदार इंग्रजी शब्द सांगाल का?
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : त्या मुलीने नियम अगदी बरोबर लावला. तिला शब्दाचे कूळ ठाऊक नव्हते, इतकेच. आणि ते कूळ आपल्याच घरचे आहे. 'मॉन्गूस' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीस आला, तो मराठी 'मुंगूस'वरून. कन्नड आणि तेलुगू भाषांतही या शब्दाची भावंडे आहेत. इंग्रजी कानाला त्याच्या शेवटी ओळखीचा 'गूस', म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, ऐकू आला आणि लेखनही तसेच रुळले. मुंगसाचा त्या पक्ष्याशी काहीही संबंध नाही.

'गूस-गीस', 'फूट-फीट', 'टूथ-टीथ' या जोड्या फार जुन्या आहेत. इंग्रजीच्या पूर्वज बोलींत या नामांच्या अनेकवचनी प्रत्ययात 'इ' हा स्वर होता. त्याने आधीच्या अक्षरातील स्वराला आपल्याकडे ओढले, पुढे प्रत्यय गळून पडला आणि ओढला गेलेला स्वर तेवढा मागे राहिला. ही घडामोड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी आटोपली होती. त्यानंतर कितीतरी शतकांनी इंग्रजीत दाखल झालेल्या मुंगसाला ती लागू होणे शक्यच नव्हते. 'मूस' या मोठ्या हरणाचे अनेकवचनही 'मीस' होत नाही, कारण तो शब्द उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांतून घेतलेला आहे. एवढे त्या मुलीला अवश्य सांगावे आणि तिच्या तर्काचे वर्गात कौतुकही करावे.

आवडीच्या शब्दांविषयी सांगायचे, तर पुष्कळांना 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा २९ अक्षरांचा शब्द सांगण्याची हौस असते. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे, हा त्याचा अर्थ. 'क्षुल्लक' या अर्थाचे लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो तयार केलेला आहे आणि मला तो फारसा भावत नाही, कारण तो बोलण्यातून आलेला नाही, जुळवून केलेला आहे. ऐकण्यातील घोटाळ्यातून जन्मलेले शब्द मला अधिक प्रिय आहेत.

त्यांत पहिला मान 'अंपायर'चा. जुन्या फ्रेंच भाषेत 'ज्याची जोडी नाही असा' या अर्थाचा शब्द होता. इंग्रजीत त्याचा 'नंपायर'सारखा उच्चार होई. दोन पक्षांत न बसणारा तिसरा, म्हणून निवाडा करणारा. मराठीतील 'तिऱ्हाईत' या शब्दामागेही नेमकी हीच कल्पना आहे आणि दोन दूरच्या भाषांना निःपक्षपातीपणा एकाच रीतीने सुचावा, याचा मला मोठा आनंद वाटतो. इंग्रजीत या शब्दाआधी 'अ' हे उपपद लागत असे. बोलण्याच्या ओघात 'अ नंपायर' कोठे तोडावे ते कळेनासे झाले, लोक 'ॲन अंपायर' असे ऐकू लागले आणि 'न' कायमचा उपपदाकडे गेला. 'ॲप्रन'चीही हीच कथा. तो मुळात 'नॅप्रन' होता आणि त्याचाच नातेवाईक असलेल्या 'नॅपकिन'ने आपला 'न' आजवर सांभाळला आहे. 'निकनेम'मध्ये उलट घडले. 'ईक' म्हणजे आणखी, जादा; 'ॲन ईकनेम' म्हणजे जादा नाव. तेथे उपपदाचा 'न' नावाला चिकटला. 'ऑरेंज'ने मात्र आपला 'न' इंग्रजीत येण्यापूर्वीच, युरोपच्या वाटेवर गमावला. संस्कृतातील 'नारंग', आपले 'नारिंग' आणि स्पॅनिश 'नारांखा' यांत तो अजून आहे.

आपल्या कानांनीही हेच केले आहे. पोर्तुगिजांच्या 'अफोन्सो'चा आपण 'हापूस' केला आणि आज तो परका होता याची कोणाला आठवणही होत नाही.

प्रश्न : अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत स्वतंत्र नाव आहे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, आणि ते स्वतःच अशा चुकीतून निघाले आहे. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने १९५४ साली एका लेखात आपल्या बालपणीची आठवण सांगितली. एका स्कॉटिश पोवाड्यात, सरदाराला ठार करून 'लेड हिम ऑन द ग्रीन', म्हणजे हिरवळीवर निजवले, असे शब्द आहेत. आईच्या तोंडून ते ऐकताना तिला ते 'लेडी मॉन्डग्रीन' असे ऐकू आले. सरदाराच्या शेजारी प्राण सोडणारी ही लेडी तिच्या मनात घर करून राहिली आणि अशा प्रत्येक चुकीला तिने 'मॉन्डग्रीन' हे नाव दिले. ते आता शब्दकोशांतही आहे.

प्रश्न : चुकून झालेले शब्द कोशात ठेवावेत, हे योग्य आहे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडी रुळला असेल, तर तो ठेवलाच पाहिजे. चूक कोशकाराची असेल, तर ती काढावी लागते. वेबस्टरच्या १९३४ सालच्या मोठ्या इंग्रजी कोशात 'डॉर्ड' हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला होता. मुळात चिठ्ठीवर 'डी ऑर डी', म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा लहान 'डी' वापरतात, अशी नोंद होती. कोशातील शब्दांची अक्षरे सुटी टंकित करण्याची तेथे पद्धत असल्याने ती चारही अक्षरे मिळून एकच शब्द समजली गेली. या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, हे १९३९ साली एका संपादकाच्या लक्षात आले आणि पुढे तो वगळण्यात आला. 'अंपायर' मैदानावर रोज उच्चारला जातो. 'डॉर्ड' मात्र कोणाच्याही तोंडी कधी नव्हता.