डव्हडेलचा गोल फेरा, दुखरा गुडघा घेऊन

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलगी इंग्लंडात डर्बीला असते, जूनमध्ये तुम्ही दोघं तिच्याकडे चालले, भाऊजी ६२ चे आहेत, डावा गुडघा कुरकुरतो, आणि मुलीनं डव्हडेलच्या दरीतला गोल ट्रेक ठरवून ठेवलाय तर तो झेपेल का. झेपते बाप्पा. मी नागपुरातल्या त्रिमूर्ती नगरचाच, मुलाकडे राहायला गेलो होतो तेव्हा दोनदा केला, एकदा उलट्या दिशेनं आणि एकदा सुलट्या, आणि गुडघा पहिल्याच वेळी गेला, म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिलो.

आधी रस्ता समजून घ्या. गाडी लावता तो कार पार्क डव्ह नदीच्या स्टॅफर्डशायरच्या बाजूला आहे. तिथून थोडं पुढं नदीत दगडांची ओळ टाकलेली आहे, सगळे फोटो तिथलेच असतात, ती ओलांडली की तुम्ही डर्बीशायरमध्ये. मग नदी डाव्या हाताला ठेवून सरळ वर चालत राहायचं, झाडीतून, दोन्हीकडे पांढऱ्या-करड्या दगडाचे सुळके, साडेचार-पाच किलोमीटरवर मिलडेल नावाचं चिमुकलं गाव लागते. तिथून वर स्टॅन्शोपला चढायचं, आणि हॉल डेल नावाच्या कोरड्या घळीतून उतरून परत नदीवर यायचं. इलम रॉक नावाच्या सुळक्यापाशी (उच्चार आयलम बरं का, मी इलम इलम करत होतो तर तिथल्या एका म्हातारबानं चारदा विचारलं) छोटा पूल आहे, तो ओलांडून आल्या वाटेनं दगडांकडे. सगळं मिळून दहा-अकरा किलोमीटर, थांबत-बसत पाच तास धरा.

आता दिशा. पहिल्यांदा आम्ही हॉल डेलनं चढलो आणि मिलडेलकडे उतरलो. ती उतरण म्हणजे दोन्हीकडे दगडी भिंती, मधे सुट्या दगडांची गल्ली, आणि तीव्र. चढाला काय, दम लागतो, बसलं की परत येतो. उताराला गुडघा जे बोलायला लागला तो गावात जाईपर्यंत गप बसला नाही. दुसऱ्या वेळी मिलडेलहून ती गल्ली चढलो आणि हॉल डेलनं उतरलो, गवताचा लांब सावकाश उतार, बायकोसोबत गप्पा मारत खाली आलो. म्हणून मुलीला सांगा, मिलडेलहून वर, हॉल डेलनं खाली. उलटं नाही.

आणि थॉर्प क्लाउड सोडून द्या. नदीतल्या त्या दगडांच्या डोक्यावरच ती टेकडी आहे, पोरं धावत चढतात. उंची २८७ मीटर, आपलं नागपूर त्याच्यापेक्षा जास्त उंचीवर बसलंय, हे मुलीला आवर्जून ऐकवा.

खरा धोका उंचीचा नाहीच, दगडाचा आहे. आपल्याकडे चुनखडी म्हटलं की गडचांदूरच्या सिमेंट फॅक्टऱ्या नाहीतर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यात घोटायचा चुना, त्यावरून चालायची सवय कोणाला आहे. तिकडचा दगड इतक्या लोकांच्या बुटांनी घासला गेलाय की जुन्या पाट्यासारखा गुळगुळीत झालाय, वर पावसाची भुरभुर आली की साबण. लव्हर्स लीप नावाच्या कड्यावर जायला पायऱ्या आहेत, दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांनी बांधलेल्या, तिथं मी सपाट तळव्याच्या मॉर्निंग वॉकच्या बुटात सटकलो आणि तीन पायऱ्या बसूनच उतरलो. पण त्यानं एक झालं, डोळ्यापुढं दगड आला. त्यात बोल्टच्या आट्यांसारख्या गोल-गोल चकत्या दिसतात ना, ते समुद्रातल्या जिवांचे देठ आहेत, सी-लिली म्हणतात त्यांना. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ गरम समुद्र होता. भाऊजींना तिथं बसवा, गुडघ्याला पण आराम आणि बघायला पण मिळते. तर खाचा असलेल्या सोलचे बूट घ्या, इथूनच घेऊन महिनाभर वापरून न्या, नवे कोरे नका नेऊ.

नदीतले दगड पाण्याखाली असले तर हट्ट करू नका. कार पार्कजवळच लाकडी पूल आहे, त्यानं पलीकडे जाऊन काठाकाठानं दगडांपर्यंत येता येते, वाट जरा खडबडीत आहे एवढंच.

हॉल डेलची घळ कोरडी कशी, हा प्रश्न मला पण पडला होता. चुनखडी पाण्यात विरघळते, फटी मोठ्या होतात आणि पाणी खालून वाहायला लागते. शेजारची मॅनिफोल्ड नदी तर उन्हाळ्यात वेटन मिलजवळ जमिनीत गडप होते आणि काही किलोमीटरवर इलम गावाजवळ परत निघते. आपली नाग नदी अशी गडप झाली असती तर बरं झालं असतं, जाऊ द्या.

वाटेत एखादं आडवं पडलेलं खोड दिसेल, त्यात लोकांनी नाणी ठोकून ठेवली आहेत, वाकलेली, हिरवी पडलेली. आपण झाडाला दोरा बांधतो तसंच ते. तिथल्या अ‍ॅश झाडांना रोग लागलाय, त्यामुळे तोडणी चालू असते, वाट बंदची पाटी असली तर मागं फिरा. दरीत मोबाईलला रेंज नसतेच म्हणा, ऑर्डनन्स सर्व्हेचा (तिथलं नकाशे काढणारं सरकारी खातं) ओएल २४ नंबरचा नकाशा मुलीला घ्यायला सांगा.

तयारी इथं करा. सकाळी सहाच्या आत सेमिनरी हिल्स, आणि रविवारी रामटेकला अंबाळ्याकडून गडमंदिराच्या पायऱ्या, उतरताना भाऊजींच्या हातात काठी द्या, सवय होईल. जून असला तरी स्वेटर आणि रेनकोट दोन्ही पिशवीत. उजेड रात्री साडेनऊपर्यंत असते, म्हणून घाई नाही.

जेवण सोबत न्या, मिलडेलला चहा-आइस्क्रीम मिळते पण पोट भरत नाही. आम्ही मेथीचे पराठे आणि लोणचं नेलं होतं, गावातल्या जुन्या दगडी पुलाशी बसून खाल्लं. त्या पुलाचे कठडे गुडघ्याएवढेच आहेत, पूर्वी लादलेली घोडी जायची ना, दोन्हीकडच्या गोण्या अडू नयेत म्हणून. टेकायला जाल तर नदीत जाल, खाली काठावर बसा.