पाटी परत कर, मग बोलू

नौपाडा, ठाणे

बाळा,

वहिनींनी मोबाइलवर तुझ्या हॉस्टेलच्या खोलीचा फोटो दाखवला. पलंगाच्या डोक्यावर ‘नो पार्किंग’ची पाटी, खाली महापालिकेचं बोधचिन्ह. त्यांना वाटलं, विकत आणलीस. मला पाटीच्या मागचे गंजके नट दिसले. मी काही बोललो नाही, म्हणून हे पत्र.

रेक्टर होतो तेव्हा असल्या मालाने माझं कपाट भरलेलं असायचं. लॅबमधले बीकर (त्यात चहा प्यायची पोरं), एनएमएमटीच्या बसमधला काच फोडायचा हातोडा, कुणाच्या तरी सायकलची घंटी. आणि जबाब ठरलेला: ‘सर, मस्तीत उचललं, परत ठेवणारच होतो.’

हा जबाब एका कॅडेटने फार वरपर्यंत नेला होता. 1952 साली जोधपूरला हवाई दलाच्या अकादमीतून त्याने परवानगी न घेता हार्वर्ड विमान उडवलं, ते थेट पाकिस्तानात उतरलं. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरवणारा निकाल कायम केला. वस्तू कायमची लाटायचा बेत नसला, तात्पुरतीच पळवली, तरी ती चोरी होऊ शकते, असा त्याचा मथितार्थ.

आता तुझं बघू. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे. कलम 303 प्रमाणे साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. वस्तू 5,000 रुपयांच्या आतली, पहिलीच वेळ आणि माल परत केला, तर समाजसेवेवर निभावतं. पण सरकारची किंवा महापालिकेची वस्तू कलम 305 मध्ये जाते, तिथे सात वर्षांपर्यंत. बसमधून काही ढापलं तर तेही त्यातच. रूममेटच्या कपाटातला हेडफोनसुद्धा, कारण खोली ही राहती जागा, आणि राहत्या जागेतली चोरीही याच कलमात येते. सात वर्षं तुला कोणी देणार नाही, पण गुन्हा दाखल झाला तर पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत तो वर येतो, आणि तेव्हा ‘मस्तीत’ लिहायला रकाना नसतो. उद्याच पाटी पालिकेच्या विभाग कार्यालयात नेऊन दे. सोबत कोणी मोठं माणूस हवं असेल तर मी येतो.

खरं सांगू, कायद्यापेक्षा मला चमचे जास्त खुपतात. आमच्या मेसमधून चमचे जायचे. पोरं त्यांना भोकं पाडून खिडकीत टांगायची, वाऱ्यावर किणकिण वाजायला. महिनाअखेरीस कंत्राटदार घमेल्यात चमचे ओतून मोजायचा आणि तूट भांडी घासणाऱ्या पोराच्या पगारातून कापायचा. तो पोरगा मग रविवारी पदरचे पैसे घालून बाजारातून पत्र्यासारखे पातळ चमचे आणून भर घालायचा. ते भातात वाकायचे. आणि हीच आपली मंडळी ‘मेसचा दर्जा घसरला’ म्हणून माझ्याकडे सह्यांचा अर्ज घेऊन यायची! उचलेगिरीची गंमत करणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं की भुर्दंड कोणाच्या माथी बसला.

ज्युनिअरची खोडी काढतानाही सांभाळ. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्यात थट्टामस्करीचाही समावेश आहे. समोरच्याला लाज वाटली, भीती वाटली, तर ते रॅगिंग. दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दोषी ठरल्यास पाच वर्षं कुठल्याही कॉलेजात प्रवेश नाही. मस्करीची कुस्करी व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून काय मुकाट बसायचं? छे. आमच्या लहानपणी होळीची लाकडं रात्री पळवायचो, सगळ्या आळीला ठाऊक असायचं, ज्याचं गेलं तोच सकाळी आगीपुढे बोंब ठोकायला हजर. अमेरिकेत एमआयटीच्या पोरांनी 1994 साली कॉलेजच्या उंच घुमटावर पोलिसांची गाडी चढवली. गाडी कसली, जुन्या गाडीचे पत्रे लाकडी चौकटीवर ठोकलेले. आत पोलिसाचा पुतळा, डोनटचा डबा, आणि चुकीच्या जागी गाडी लावल्याची पावती! पोलिसांची गाडी पळवली नाही त्यांनी. डोकं आणि हातोडी चालवली.

असलं काही सुचलं तर आधी मला कळव, माळ्यावर चांगली लांब शिडी पडून आहे. फक्त वॉचमनकाकांना विश्वासात घे. गेटवरून रात्री काय आत आलं, काय बाहेर गेलं, याचा जाब सकाळी त्यांनाच द्यावा लागतो.

तुझा,
काका